मी फ्रेंच का आणि कशी शिकवते

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचे निमंत्रण देताना चिटणीसबाईंनी मला एक अट घातली. "बाई, आम्हांला फ्रेंचचे अक्षरही येत नाही, तेव्हा आम्हांला कळेल असे बोला," असे त्या म्हणाल्या. ही अट मी आनंदाने मान्य केली. ज्या शिक्षिकेला आपला विषय शेजारणीला समजावून सांगता येत नाही, तिला तो विद्यार्थिनींनाही फारसा समजावता येत नसावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मी फ्रेंच शिकवते असे कळले की बहुतेक जणी पहिला प्रश्न विचारतात, "ती घेऊन उपयोग काय?" आणि त्याचे उत्तरही त्याच देऊन टाकतात, "हां, गुण चांगले पडतात म्हणे." नोकरी, परदेशचे शिक्षण, भाषांतराचे काम, हे उपयोग खरेच आहेत आणि त्यांना मी कमी लेखत नाही. मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहणार असेल, तर त्यात भाषेने हातभार लावावाच. परंतु केवळ गुणांसाठी शिकलेली भाषा परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून विसरू लागते. जी टिकते ती कशाने टिकते, हे मी आज सांगणार आहे.

माझे पहिले सूत्र असे की, मराठी मुलीला फ्रेंच मराठीतून शिकवावी. आपल्याकडे ही भाषा बहुधा इंग्रजीच्या दारातून आत येते. पुस्तके इंग्रजीत, अर्थ इंग्रजीत, व्याकरणाचे नियम इंग्रजीत. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुलगी एका अडचणीऐवजी दोन अडचणी घेऊन वर्गात बसते. वास्तविक तिच्या पदरी जे आहे ते इंग्रजीपेक्षा फ्रेंचला कितीतरी जवळचे आहे.

उदाहरणे देते. इंग्रजी माणूस म्हणतो, 'मी भुकेला आहे.' फ्रेंच माणूस म्हणतो, 'ज्ये फँ', म्हणजे 'माझ्याजवळ भूक आहे.' आपण म्हणतो, 'मला भूक लागली.' आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही भूक ही माणसाहून वेगळी वस्तू आहे. दूर गेलेल्या मुलीला फ्रेंच आई 'तू मला उणी आहेस' अशा वळणाचे वाक्य लिहिते. 'तुझी उणीव भासते' म्हणणाऱ्या मराठी बाईला ते लगेच पटते. इंग्रजीच्या वाटेने आलेली मुले मात्र तिथे हमखास कर्ता-कर्माची अदलाबदल करतात.

लिंगाचेही तसेच. 'टेबलाला स्त्रीलिंग कशाला?' म्हणून इंग्रज विद्यार्थी हैराण होतो. आपल्याला त्यात काय नवल? आपल्याकडे तर तीन लिंगे आहेत! 'पांढरा घोडा, पांढरी गाय' म्हणणाऱ्या मुलीला पुल्लिंगी 'ब्लाँ'चे स्त्रीलिंगी 'ब्लाँश' होते हे दोन मिनिटांत कळते. घोटाळा एवढाच की त्यांची लिंगे आपल्या लिंगांशी जुळतातच असे नाही. सूर्य त्यांच्याकडेही पुल्लिंगी, पण चंद्र मात्र स्त्रीलिंगी. आपल्या चांदोमामाची तिथे चांदोमावशी होते, असे सांगितले की मुली हसतात आणि ते पुन्हा विसरत नाहीत.

आकड्यांच्या बाबतीत तर जुन्या बायकांचा हिशेब फ्रेंच हिशेबाशी तंतोतंत जुळतो. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. हे ऐकून मुली कपाळाला हात लावतात. मी त्यांना म्हणते, घरी जाऊन आजीला विचारा. 'चार विसा आणि वर पाच' अशी आंब्यांची मोजणी तिने केलेली असते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथील फ्रेंच बोलणाऱ्या लोकांनी सत्तर आणि नव्वद यांसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत. पॅरिसचे लोक मात्र अजून विसांतच मोजतात.

सर्वांत मोठे साम्य आहे ते माणसाला हाक मारण्यात. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'प्रमाणे त्यांच्याकडे 'त्यु' आणि 'वू' आहेत. एवढेच नव्हे, तर 'अरेतुरे करणे' आणि 'अहोजाहो करणे' यांसाठी त्यांच्याकडे स्वतंत्र क्रियापदे आहेत. 'आपण आता एकमेकींना अरेतुरे करू या का?' असे फ्रेंच बाई नव्या मैत्रिणीला रीतसर विचारते. सासूला 'त्यु' म्हणावे की 'वू', हा पेच तिथल्या सुनेलाही पडतो. ज्या समाजात हा पेच आहे तो आपल्याला अगदीच परका कसा म्हणावा?

दुसरे सूत्र कानाचे. लेखी फ्रेंच मुलींना घाबरवते, कारण तिच्यात लिहायचे एक आणि उच्चारायचे दुसरे असते. शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरे मुकी राहतात. आपली लिपी बहुतांशी बोलल्याबरहुकूम चालते, म्हणून हा फरक आपल्याला फार जाणवतो. यास्तव पहिले काही आठवडे मी पुस्तक उघडूच देत नाही. ऐका, म्हणा, पुन्हा ऐका. लहान मूल वर्षभर ऐकते आणि मग बोलते. त्याच्या हातात कोणी आधी अंकलिपी देत नाही.

या ऐकण्यात अनुनासिकांचा वाटा मोठा. 'बों' म्हणजे चांगला, 'बाँ' म्हणजे बाक आणि 'बँ' म्हणजे स्नान. तिन्हींत फरक फक्त नाकातून जाणाऱ्या स्वराचा. कोकणातल्या माणसांच्या नाकातल्या बोलण्याची शहरात थट्टा होते. माझ्या वर्गात मात्र तेच नाक पहिला नंबर पटकावते. एक कोकणातली मुलगी आपले बोलणे गावंढळ आहे अशा समजुतीने वर्गात तोंड उघडत नसे. हे तीन शब्द तिने पहिल्याच खेपेस अचूक म्हटले, तेव्हा मी साऱ्या वर्गाला तिच्याकडून ते म्हणवून घ्यायला लावले. त्या दिवसापासून ती बोलू लागली, आणि फ्रेंचच नव्हे, मराठीही मोकळेपणी बोलू लागली. बाकीच्या उच्चारांना घरगुती युक्त्या पुरतात. 'ऊ'साठी ओठांचा चंबू करावा आणि आतून 'ई' म्हणावे, म्हणजे फ्रेंच 'यु' साधतो. घसा धरला असता आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, तेव्हा घशात जिथे खळखळ होते, तिथून त्यांचा 'र' निघतो.

तिसरे सूत्र चुकण्याविषयी. आपल्या मुलींना घरीदारी 'नीट बोल, हळू बोल, चारचौघांत बोलू नकोस' हे इतक्या वेळा ऐकावे लागते की परक्या भाषेत तोंड उघडायचे म्हणजे त्यांना अंगावर काटा येतो. म्हणून माझ्या वर्गात वाक्य पुरे होईपर्यंत मी कोणालाही मध्येच दुरुस्त करीत नाही. ती जे सांगू पाहते आहे ते आधी सांगून होऊ दे. व्याकरणाची दुरुस्ती मागाहून करता येते. एकदा खचलेले मन सावरायला मात्र वर्ष लागते. लेखनात मात्र मी कडक आहे. फ्रेंच शाळांतून शुद्धलेखन घालण्याची मोठी परंपरा आहे, तीही मी पाळते. बोलताना सूट आणि लिहिताना शिस्त, असा माझा हिशेब आहे.

आता संस्कृतीविषयी. फ्रेंच संस्कृती म्हटली की अत्तर, फॅशन आणि आयफेल मनोरा एवढेच डोळ्यांसमोर येते. हे म्हणजे महाराष्ट्र म्हणजे पैठणी आणि गेटवे ऑफ इंडिया असे म्हणण्यासारखे झाले. मी सुरुवात करते दुकानात शिरण्यापासून. फ्रान्समध्ये पावाच्या दुकानात गेल्यावर आधी 'बाँझूर' म्हणावे लागते. नमस्कार न करता एकदम 'एक पाव द्या' म्हणणारे गिऱ्हाईक तिथे उर्मट ठरते. दुकानदारीण ही आधी माणूस आहे आणि मग विकणारी, एवढे त्या एका शब्दात येते. पाठाचा हा भाग झाला की मी मुलींना विचारते, आपण भाजीवालीशी पहिला शब्द कोणता बोलतो? 'कशी दिली?' हाच ना?

पावाचेही त्यांना मोठे अगत्य. १९९३ साली त्यांच्या सरकारने वटहुकूमच काढला की 'परंपरागत' म्हणून विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांखेरीज बाहेरची रसायने घालू नयेत आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठवलेला नसावा. २०२२ साली युनेस्कोने 'बागेत' या लांबट पावाच्या कारागिरीची मानवजातीच्या वारशात नोंद केली. त्यांच्या जेवणाच्या पद्धतीची नोंद त्याआधीच, २०१० साली झाली होती. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी असे सारे एकदम वाढलेले असते. त्यांच्याकडे एकामागून एक पदार्थ येतो आणि मधल्या वेळात गप्पा होतात. आपली पंगत आणि त्यांचे जेवण यांची तुलना करायला लावली की मुली फ्रेंच शब्द तर शिकतातच, पण आपल्या घरात वाढणारी बाई जेवायला केव्हा बसते, हा प्रश्नही त्यांना आपोआप सुचतो. तो मी त्यांच्या तोंडी घालत नाही.

परंतु संस्कृती शिकवायची ती फक्त गोडगोड, असे करून चालणार नाही. १७८९च्या क्रांतीने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा उद्घोष केला, हे मी शिकवते. १७९१ साली ओलँप द गूज या बाईंनी 'मग स्त्रियांचे हक्क कोठे आहेत?' असे विचारणारा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ साली त्यांचा शिरच्छेद झाला, हेही शिकवते. फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला १९४४ साली, आणि त्यांनी पहिले मत टाकले १९४५ साली. नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी धरण्याची आणि बँकेत स्वतःचे खाते उघडण्याची मोकळीक विवाहित स्त्रीला मिळाली ती १९६५च्या कायद्याने. आपल्या देशात १९५१-५२च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने मत दिले. युरोप नेहमी पुढे आणि आपण नेहमी मागे, हा समज मुलींच्या मनातून गेला पाहिजे. तसाच याच्या उलटा गर्वही जायला हवा. डॉ. आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्पष्ट सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. त्या तीन शब्दांवर कोणा एका देशाची मालकी नाही, हे त्यातून वर्गाला समजते.

आणखी एक गंमत बायकांनी ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे 'पाटलीण' म्हणजे पाटलाची बायको, 'डॉक्टरीणबाई' म्हणजे डॉक्टरांचे कुटुंब. मग बाई स्वतः डॉक्टर झाली तेव्हा तिला काय म्हणावे, हा प्रश्न आला. फ्रेंचमध्ये हुबेहूब हेच झाले. सेनापती, राजदूत यांची स्त्रीलिंगी रूपे पूर्वी त्यांच्या बायकांसाठी वापरीत. फ्रेंच भाषेची राखण करणारी अकादमी १६३५ साली स्थापन झाली. तिच्यात पहिली स्त्री, लेखिका मार्गरित यूर्सनार, निवडून आली १९८० साली, म्हणजे ३४५ वर्षांनी! आणि हुद्द्यांची स्त्रीलिंगी नावे वापरायला त्या अकादमीने मान्यता दिली ती २०१९ साली. सरकारी कागदांवरून 'कुमारी' अशा अर्थाचा 'माद्म्वाझेल' हा शब्द २०१२ साली काढला गेला. बाई विवाहित आहे की अविवाहित हे सरकारला सांगण्याचे कारण नाही, म्हणून. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर आपण सौ., कु. आणि श्रीमती लिहितो, त्याचा विचार करायला हा धडा बरा पडतो. निर्णय ज्याचा त्याने करावा.

आता मी त्या प्रश्नाकडे येते, जो मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो. आपल्याकडे बरीच मुले अकरावी-बारावीला मराठी सोडून फ्रेंच घेतात, कारण गुण. म्हणजे माझा वर्ग भरतो तो अनेकदा मराठीचा वर्ग रिकामा करून. मग मला आनंद व्हावा की दुःख?

या प्रश्नाचे उत्तर मला फ्रान्सच्या इतिहासातच सापडले. आल्फाँस दोदे यांची 'शेवटचा धडा' ही १८७३ सालची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मुलांनी बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल. युद्धात हरल्यावर १८७१ साली आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, शाळेतली फ्रेंच बंद झाली, आणि म्हातारे मास्तर शेवटचा तास घेतात, अशी ती कथा आहे. ती वाचताना डोळ्यांत पाणी येते. पण त्या प्रांतातल्या बहुसंख्य लोकांची घरची बोली जर्मन वळणाची होती, ही गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते. आणि त्याच फ्रान्सने आपल्या पोटातल्या भाषांचे काय केले, तेही सांगते. १७९४ साली ग्रेग्वार या पाद्र्याने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल ठेवला. शुद्ध फ्रेंच बोलणारे देशात तीसएक लाखांहून अधिक नाहीत, सबब बाकीच्या बोली नाहीशा केल्या पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. पुढे १८८१-८२च्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण ब्रेतान्य प्रांतातल्या शाळांतून जे मूल आपल्या ब्रेताँ भाषेत बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात लाकडाचा खडावासारखा जोडा किंवा असेच काहीतरी अडकवीत. ते उतरायचे केव्हा? तर दुसरे मूल तोच 'गुन्हा' करताना पकडून दिले म्हणजे! मुलांनाच मुलांवर पाळत ठेवायला लावले. १९५१ साली ब्रेताँ आणि आणखी काही भाषा शाळेत शिकवायला कायद्याने परवानगी मिळाली, आणि प्रादेशिक भाषा हा देशाचा वारसा आहे, असे राज्यघटनेत लिहिले गेले ते २००८ साली. तोपर्यंत कितीतरी आज्या आपल्या नातवंडांशी आपल्या भाषेत बोलेनाशा झाल्या होत्या.

आपल्या मुलांच्या गळ्यात कोणी जोडा अडकवीत नाही. आपण आपण होऊनच ते काम करतो. 'घरात मराठी बोलू नकोस, इंग्रजी बिघडेल,' असे सांगणाऱ्या आया मी पाहते. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांतून दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण कायदा स्वयंपाकघरात येऊन बसत नाही. म्हणून माझ्याकडे मुलीला घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला मी सांगते, की फ्रेंच जरूर शिकवू या, पण मराठी सोडून नव्हे. शाळेत विषय म्हणून सुटली तर घरी वाचू दे. दर आठवड्याला माझ्यासाठी फ्रेंचमधला एक उतारा तिने मराठीत आणला पाहिजे. काही आया हे ऐकून दुसरा वर्ग शोधतात. त्याला माझा इलाज नाही. ज्या मुलीला आपल्या भाषेत चार वाक्ये धड जुळवता येत नाहीत, तिच्या फ्रेंचला बसायला जमीनच नसते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आणखी एक शंका हल्ली निघते. मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो, मग एवढा खटाटोप कशाला? रस्ता विचारायला, औषधाच्या बाटलीवरचे वाचायला ते यंत्र फार सोयीचे आहे, मीही वापरते. पण समोरची बाई 'वू'वरून 'त्यु'वर आली तेव्हा तिने आपल्याला मैत्रीण मानले, हे यंत्र हाती धरून मनाला जाणवत नाही. तेवढ्यासाठी ती भाषा आपल्या कानात आणि जिभेवर असावी लागते.

आणि फ्रेंच म्हणजे केवळ फ्रान्स असेही आता राहिलेले नाही. ती रोज बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आज आफ्रिका खंडात आहेत. आपल्या पुदुच्चेरीचा कारभार १९५४ साली भारताकडे आला आणि १९६२ साली ते कायदेशीरपणे भारतात विलीन झाले. तिथेही ही भाषा अजून बोलली जाते. राज्यकर्त्यांची म्हणून आलेली भाषा लोकांनी आपल्या सोयीने आपलीशी केली, हा धडाही वर्गात व्हायला हवा.

शेवटी दोन माणसांविषयी सांगते. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठी भाषेच्या घडणीवर मोठा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला. आपल्या भाषेचा इतिहास आपल्यालाही त्यातून शिकावा लागला. दुसरे गी प्वातवँ. ते जन्माने फ्रेंच. पुण्यात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि २००४ साली वारले. हेमा राईरकर आणि इतर सहकारी यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक! दळणाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ज्या ओव्या आपल्या आज्यांबरोबर नाहीशा व्हायच्या त्या अशा राहिल्या. परदेशातून आलेल्या एका माणसाने आपली भाषा शिकून आपल्याच बायकांचे गाणे ऐकून घेतले. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकण्यासाठी भाषा शिकावी, याहून मोठा हेतू मला ठाऊक नाही.

तेव्हा मंडळाने येत्या वर्षी एक करावे, अशी माझी सूचना आहे. ज्यांना फ्रेंचची हौस असेल त्यांनी दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत यावे. मी शिकवीन, शुल्क नाही. मात्र येताना प्रत्येकीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक जुनी ओवी, म्हण किंवा कोडे वहीत उतरवून आणावे. पहिली पंधरा मिनिटे त्याचे वाचन आणि मग फ्रेंच. वर्षाअखेरीस आपल्याकडे दोन वह्या होतील, आणि पुढच्या स्मरणिकेला मजकुराची वाण पडणार नाही.